घरच्यासारखा कॉम्प्युटरवाला

बोरीवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती त्या खोलीत, मी सव्वीस वर्षं लग्नं जुळवते आहे. बाहेर 'विवाह मंडळ' असा बोर्ड आहे, पण मंडळ म्हणजे मी एकटीच. आधी वह्या होत्या, मग फायली आल्या, आणि गेली बारा-तेरा वर्षं सगळं कॉम्प्युटरवर आहे. मी तापट आहे हे आधीच सांगून टाकते. या सगळ्या प्रकरणात मी ज्याच्यावर भडकले त्याच्यापेक्षा माझी चूक मोठी होती, आणि ते माझ्या डोक्यात शिरायला बराच वेळ लागला.

माझ्या फॉर्ममध्ये नाव, शिक्षण, नोकरी, उंची, गोत्र वगैरे सगळं असतं. ते काय, कुठल्याही वेबसाइटवर मिळतं. माझं खरं काम शेवटच्या रकान्यात, त्याचं नाव 'शेरा'. समोरची खुर्ची ओढून, चहाचे दोन घोट पोटात गेल्यावर लोक जे बोलतात ते मी तिथे टिपून ठेवते. 'आईला विचारल्याशिवाय शर्टसुद्धा घेत नाही.' 'पहिलं लग्न चार महिने टिकलं, मुलीचा दोष नाही.' 'वडील पितात, मुलगा शिवत नाही, पण विषय काढू नये.' असे शेकडो शेरे. हे वाचणारी मी एकटी, असं मी प्रत्येकाला सांगत आले. सांगताना मला ते खरंच वाटत होतं.

कॉम्प्युटर बघायला भाऊ यायचा. भाऊ म्हणजे माझा भाऊ नव्हे. सगळा परिसरच त्याला भाऊ म्हणतो. वडील गिरणी कामगार, मूळ घर मालवणकडे, वाढला भांडुपला. लग्नानंतर इकडे आला आणि स्टेशनजवळ छोटं दुकान टाकलं. शिक्षण फारसं नाही, मशीन उघडून उघडून शिकला. आमच्या भागातले ब्युटी पार्लर, क्लासेस, दवाखाने, झेरॉक्सवाले, सगळ्यांकडे तोच. हाक मारली की स्कूटरवरून हजर, आणि जाताना गॅसचा रेग्युलेटर बिघडलाय म्हटलं तर तोही बघून जायचा. अशा माणसाला कोण नाही म्हणेल?

मी त्याला निवडला तो याच कारणासाठी. तो सगळ्यांच्या ओळखीचा होता. मी त्याला पासवर्ड दिला, तोही सोसायटीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि तो विसरू नये म्हणून मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवला. तो आला की मी चहा टाकायला वर घरी जायची. "तू घरचाच आहेस, काय हवं ते बघ," हे माझं ठरलेलं वाक्य. त्याने मला त्याच्या फोनवरून माझा कॉम्प्युटर उघडून दाखवला तेव्हा तर मी चार जणींना कौतुकाने सांगितलं, आमचा भाऊ घरबसल्या दुरुस्ती करतो म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक मुलगी आली. मुलगी म्हणायची सवय, तशी तेहतीस वर्षांची. इथल्याच एका शाळेत बालवर्गाला शिकवायची. नखांत मेणाचे रंग अडकलेले, आवाज थोडा बसलेला. फॉर्म भरून झाल्यावर म्हणाली, "काकू, एक गोष्ट आहे. मला शाळेत असताना फिट्स यायच्या. गोळ्या चालू आहेत, नऊ वर्षांत एकदाही आली नाही. लपवायचं नाहीये मला. पण ते मी सांगणार. दुसऱ्या भेटीत, समोर बसून. आधी कुणाकडून कळलं की माणूस मला बघत नाही, फिट कधी येते ते बघत बसतो."

मला ती तिथेच आवडली. पूर्वी तिच्या बाबतीत दोनदा असं झालं होतं. एकदा मावशीने, एकदा शेजारणीने, दोघींनीही चांगल्या मनानेच आधी सांगून टाकलं होतं. मी म्हटलं, तुझी गोष्ट तूच सांगायची, माझ्याकडून बाहेर जाणार नाही. आणि विसरायला नको म्हणून शेऱ्यात टाइप केलं: 'फिट्सचा त्रास, औषधाने बरा. दुसऱ्या भेटीत स्वतः सांगणार. तोवर कोणाला बोलू नये.'

महिन्याभरात तिच्यासाठी मुलुंडचं एक स्थळ निघालं. मुलगा सरळ होता, थोडा जाडा, हसला की डोळे मिटायचे. पत्रिका जुळली. पहिली भेट माझ्याच खोलीत झाली आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले. आतून हसण्याचे आवाज येत होते. एवढ्या वर्षांत मला एवढं तरी कळतं की हसणं कधी सभ्यपणाचं असतं आणि कधी नसतं. हे नव्हतं. रविवारी दुसरी भेट ठरली.

गुरुवारी मुलाच्या आईचा फोन. म्हणाल्या, "गुरुजींना परत दाखवली पत्रिका. एक नाडी येते म्हणतात." मी सव्वीस वर्षं पत्रिका बघते आहे. नाडी एक नव्हती, आणि त्या बाईंनाही ते माहीत होतं. मी म्हटलं, खरं काय ते बोला, मला पत्रिकेतलं शिकवू नका. मग त्याही चिडल्या.

"मुलीला फिट्स येतात हे तुम्ही आम्हाला सांगायला नको होतं का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमचाच माणूस. बोरीवलीला माझी बहीण राहते, तिच्याकडे वायफाय लावायला आला होता. बिचाऱ्याने चांगुलपणाने सांगितलं म्हणून आम्ही वाचलो."

फोन मी आपटून ठेवला. रागाने, असं तेव्हा मला वाटलं. त्यात भीती जास्त होती.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुलीला बोलावून घेतलं. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. आधी विचारलं, "तुम्ही सांगितलंत का?" मी नाही म्हटलं. मग तिने विचारलं, "मग किती जणांनी वाचलंय हे?"

मी कॉम्प्युटरकडे बघितलं. ती म्हणाली, "काकू, नकाराचं मला तेवढं वाटत नाही. नकार मला नवीन नाही. पण माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत. मुख्याध्यापिकांना मी नोकरीला लागतानाच डॉक्टरांचं पत्र दिलंय. पालकांना सांगायची वेळ आली तर मी सांगेन, उभी राहून सांगेन. पण कुणाच्या घरी वायफाय लावता लावता हे निघालं ना, तर उद्या एखादी आई माझ्या हातात मूल सोडताना विचार करेल. आणि तिला तसं का वाटतंय ते मला कळणारसुद्धा नाही. म्हणून विचारते. किती जणांनी?"

शोधून काढते, असं मी तिला सांगितलं. कसं शोधायचं याची मला काडीची कल्पना नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाऊला बोलावला. तो नेहमीसारखा हसत आला, हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. मी चहा विचारला नाही, तेव्हा त्याला काहीतरी बिनसल्याचं कळलं. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझं बोलून होईपर्यंत तो खाली बघत बसला.

"शेरा वाचलास की नाही तू?"

"स्क्रीनवर उघडाच होता ना काकू. तुम्ही वर गेला होतात."

"त्यात लिहिलं होतं, कोणाला बोलू नये. वाचता येतं ना तुला?"

"येतं. पण त्या घरी मी पंधरा वर्षं जातोय. माझ्या पोरीच्या ॲडमिशनला त्या बाईंनी धावपळ केलीये. त्यांच्या भाच्याचं लग्न ठरतंय, मला एवढं माहीत आहे आणि मी गप्प बसू? उद्या त्याच म्हणाल्या असत्या, तुला ठाऊक होतं आणि बोलला नाहीस." आणि मग त्याचा आवाज उतरला, तो घरच्या बोलीवर आला. "माझ्या मनात काय वायट नव्हता गो काकू."

मला त्याच्यावर आणखी चिडायचं होतं आणि चिडता येईना. कारण तो खोटं बोलत नव्हता. ज्या ओळखीसाठी मी त्याला घरात घेतला होता, तीच ओळख त्याने तिकडे पाळली होती. सगळ्यांच्या ओळखीचा माणूस मी शोधून शोधून आणला, आणि ज्यांची गुपितं माझ्याकडे होती ते सगळेही त्याच्या ओळखीचेच असणार, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? मुंबईसारख्या शहरात राहून मी कारभार मात्र गावच्या वाडीसारखा चालवत होते.

मी विचारलं, आणखी कोणाला कळलंय? तो शपथेवर नाही म्हणाला. पण बोलता बोलता निघालं की माझ्या सगळ्या फायलींची एक प्रत त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर असते, माझा बिघडला तर असावी म्हणून. तो कॉम्प्युटर कोण कोण वापरतं? दुकानात येणारं कोणीही. कोणी काय उघडलं ते सांगता येईल का? त्याने मान हलवली. "नाही काकू. मला तेवढं येत नाही."

आमच्या बिल्डिंगमध्ये एक सीए राहतात. त्यांना लिफ्टमध्ये गाठलं आणि मुलीबद्दल अवाक्षर न काढता विचारलं, माझ्या कॉम्प्युटरमध्ये कोण शिरलं होतं हे बघणारं कोणी असतं का. ते म्हणाले, "असतात की. त्याच्या परीक्षा असतात काकू, पास होऊन सर्टिफिकेट मिळवावं लागतं." मला वाटलं अशी माणसं बँकांसाठी, अंधेरीच्या काचेच्या ऑफिसांसाठी असतात. एका खोलीतल्या विवाह मंडळाकडे ती कशाला येतील? त्यांनी घाटकोपरच्या एका बाईंचा नंबर दिला. त्या छोट्या धंद्यांचीच कामं घेतात म्हणे.

फोन लावला आणि सवयीने तोंडातून निघालं, "तुमचं आडनाव काय? गाव कुठलं? आमच्यातलं कोणी ओळखीचं आहे का?"

पलीकडून शांत आवाज आला. "तुमच्याकडे माझ्या ओळखीचं कोणी नाही. तुमच्या कामाच्या दृष्टीने तेच बरं आहे."

आल्या त्या साधारण पस्तिशीच्या. पाठीवर सॅक, पायात स्पोर्ट्स शूज. मी तयारच होते, म्हटलं, तुम्ही पास झालात हे मी कशावरून धरू? मला वाटलं रागावतील. त्यांनी सर्टिफिकेटचा नंबर एका कागदावर लिहिला आणि म्हणाल्या, "माझ्या फोनवर बघू नका, तुमच्या फोनवर बघा. परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर हा नंबर टाका. माझं नाव येतंय का बघा, आणि तारीख बघा. हे कायमचं नसतं, ठरावीक वर्षांनी परत सिद्ध करावं लागतं." मी चष्मा लावून एक-एक आकडा टाकला. नाव आलं. तारीखही पुढची होती. भाऊला मी बारा वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता, आणि या बाई स्वतःलाच प्रश्न विचारायला लावत होत्या.

मग त्यांनी दोन पानांचा कागद पुढे केला. काय बघणार, काय बघणार नाही, जे दिसेल ते कुणाला सांगणार नाही, आणि त्यांच्याकडून चूक झाली तर मी कुठे तक्रार करायची. खाली त्यांची सही. मी चहासाठी उठायला लागले तर म्हणाल्या, "उठू नका काकू. तुमच्यासमोरच करायचंय मला. पासवर्ड पण तुम्हीच टाका." आणि मी टाकेपर्यंत त्या दाराबाहेर बघत बसल्या. मॉनिटरवर तोच पासवर्ड चिकटवलेला आहे हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. त्यांनी हसू दाबलं. मी ती चिठ्ठी काढून कमरेला खोचली.

तीन तास लागले. एकही शेरा त्यांनी उघडला नाही. मधे मधे बोलत होत्या. लोक त्यांना घर जळल्यावरच बोलावतात म्हणाल्या. आधी बोलावलं तर अर्धे समजतात त्या विमा विकायला आल्यात. मुलुंडच्या एका दाताच्या डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, सर्टिफिकेट कशाला हवं, माझा मेहुणा कॉम्प्युटरमधला आहे. "त्यांच्या मागे भिंतीवर त्यांची स्वतःची सात सर्टिफिकेटं लावलेली होती," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या मेहुण्याकडून दात काढून घ्याल का?" काम मिळालं का, मी विचारलं. नाही मिळालं.

शेवटी खुर्ची मागे सरकवून त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. माझ्या फायली तीन ठिकाणांहून उघडल्या गेल्या होत्या: इथून, भाऊच्या फोनवरून, आणि त्याच्या दुकानातून. दुकानातून त्या मुलीचा फॉर्म असलेली फाइल दोनदा उघडली होती. कोणी, ते कळायला मार्ग नाही, कारण त्या कॉम्प्युटरला कुलूपच नव्हतं. "आणि ही नोंद फक्त पाच महिन्यांची आहे. त्याआधीचं मला सांगता येणार नाही. मशीनचं मी सांगू शकते, तोंडांचं नाही."

मी भडकले. म्हटलं, हेच ऐकायला मी तुम्हाला घाटकोपरहून बोलावलं का? त्या चिडल्या नाहीत. "मी कुणीच नाही म्हटलं असतं तर तुम्हाला आज बरं वाटलं असतं. पण तुम्हाला हे कुणाला तरी जाऊन सांगायचंय, बरोबर? मग त्या माणसाला तुम्ही खोटं सांगितलं असतं." मला असं तोंडावर बोलणारं घरात कोणी उरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी भाऊच्या दुकानात गेलो. ती प्रत त्याने आमच्यासमोर पुसली आणि बाईंनी त्याच्याकडून तसं लिहून घेतलं. लिहिताना त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला त्याची दया आली, खोटं कशाला बोलू. गॅसच्या रेग्युलेटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत आम्ही सगळ्यांनी त्याला राबवला, डोक्यावर घेतला, आणि याने कुठे थांबायचं ते कधी कोणी सांगितलं नाही. निघताना त्याने बाईंना हळूच विचारलं, "मॅडम, ही परीक्षा मराठीत असते का?" त्या म्हणाल्या, नसते, पण अभ्यासाचं मी समजावून देईन, या कधीतरी. तो म्हणाला, बघू. तो गेला की नाही ते मला माहीत नाही. माझा प्रिंटर अजून तोच बघतो, पण मी खुर्चीवरून उठत नाही.

शनिवारी ती मुलगी आली. मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तीन ठिकाणं, दोनदा, पाच महिने, त्याच्या मागचा अंधार. ती म्हणाली, "म्हणजे किती जणांनी, ते कुणालाच सांगता येणार नाही." मी म्हटलं, नाही. आणि माफी मागितली. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीची, हात जोडून. तिने माझे हात खाली केले पण 'असू दे काकू' असं काही म्हणाली नाही. "राग आहे मला," म्हणाली. "पण तुम्ही खरं सांगितलंत." तिने तिचा फॉर्म काढून टाकायला सांगितला, पुसला गेल्याची खात्री करून घेतली आणि गेली. ती गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि रडले.

तिच्यासाठी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग मी ठरवलं की निदान बाकीच्यांना तरी शहाणं करायचं. संक्रांतीनंतर दर वर्षी माझ्या खोलीत हळदीकुंकू असतं. विधवा, घटस्फोटित, बिनलग्नाच्या, सगळ्यांना बोलावते, त्यावरून पहिली काही वर्षं जी बोलणी खायची ती खाऊन झाली आहेत. येणाऱ्यांतल्या बहुतेक जणी काही ना काही धंदा करणाऱ्या: पार्लरवाली, क्लासवाली, ब्लाउज शिवणारी, फिजिओथेरपीवाली. आणि सगळ्यांचा कॉम्प्युटर भाऊकडे. दर वर्षी मी वाण म्हणून प्लास्टिकचा डबा नाहीतर गाळणी देते. या वर्षी मी जाड कागदाची कार्डं छापून घेतली. त्यावर घाटकोपरच्या बाईंच्या मदतीने लिहिलेले प्रश्न होते. तुमचा कॉम्प्युटर बघणाऱ्याने कुठली परीक्षा दिली आहे, ती तुम्ही स्वतः तपासली का, तुमची माहिती तो कुठे ठेवतो, काम झाल्यावर काय केलं ते लिहून देतो का. सगळ्यात खाली त्या बाईंचा घाटकोपरचा पत्ता आणि नंबर.

फज्जा उडाला. "वाण कुठाय?" पार्लरवालीने कार्ड उलटंपालटं करून विचारलं. मी म्हटलं, हेच. ती म्हणाली, "काकू, यात मी डाळ ठेवू की साखर?" सगळ्या हसल्या. क्लासवाली म्हणाली, आपला भाऊ आहे ना, त्याला कसली परीक्षा, तो दहा मिनिटांत करून देतो. ब्लाउजवाली म्हणाली, माझ्याकडे काय आहे चोरण्यासारखं, मापं? मी म्हटलं, कोणाचं कुठलं माप वाढलंय हे सोसायटीत कळलं तर? यावर मात्र जरा चुळबुळ झाली. पण तेवढ्यापुरतीच. एकीने तर कार्डाची पुडी करून त्यात तिळगूळ बांधला.

मग पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आजी, त्यांचं वय सत्तरीच्या पुढचं, त्यांनी नेमकं विचारलं. "उगीच नाही तू छापून आणलंस. तुझ्याकडे काय झालं ते सांग ना."

झालेलं सांगितलं असतं तर सगळ्यांनी कान टवकारले असते. शब्द माझ्या ओठांवर आले होते. नाव न घेता सांगू, असंही मनात आलं. पण बालवर्ग, फिट्स, मुलुंडचं स्थळ, एवढं सांगितल्यावर नाव कशाला लागतं? मी तेच केलं असतं जे भाऊने केलं, आणि तेही तितक्याच चांगल्या मनाने. मी म्हटलं, "ते मला सांगता येणार नाही." आजी म्हणाल्या, "मग जाऊ दे." आणि सगळ्या परत साड्यांवर आल्या.

तेव्हा दारातून आवाज आला. "मी सांगते."

आमंत्रण मी तिलाही पाठवलं होतं, पण येईल असं वाटलं नव्हतं. ती कधी येऊन उभी राहिली ते कळलंच नाही. शाळेतून सरळ आली असावी, खांद्याला पिशवी होती. ती आत आली, चप्पल काढली, सतरंजीवर मोकळी जागा बघून बसली. आवाज थोडा बसलेलाच होता, पण मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा, वर्गातला.

"काकूंच्या कॉम्प्युटरमध्ये माझी एक गोष्ट होती. मला लहानपणी फिट्स यायच्या. आता औषधं चालू आहेत, नऊ वर्षांत आली नाही. हे मी ज्याला सांगणार होते त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं. त्याचं घर नाही म्हणालं. ते ठीक आहे. पण मला अजून माहीत नाही की इथल्या किती जणींना हे आधीच माहीत होतं. म्हणून म्हटलं, मीच सांगून टाकते."

मी आजींकडे बघितलं. आजींची नात तिच्याच वर्गात होती. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. ती आजींकडेच बघत होती.

आजींनी हातातली तिळाची वडी खाली ठेवली. "आमची चिमुरडी तुझ्याच वर्गात ना गं?"

"हो आजी."

"मला माहीत होतं हे," आजी म्हणाल्या. "दिवाळीत कळलं. भाऊच्या दुकानात फोनचं कव्हर घ्यायला गेले होते, तिथे दोघी बोलत होत्या. कोण ते मी सांगणार नाही." मुलीने मान खाली घातली. तिला हवं असलेलं उत्तर असं मिळेल याची तिने तयारी केली नसावी. आजी पुढे म्हणाल्या, "घरी येऊन मी सुनेला काही बोलले नाही. आठ दिवस मीच पोरीला सोडायला येत होते, दाराबाहेर उभी राहून तुला बघत. तू सगळ्यांच्या नाड्या बांधत होतीस, नाकं पुसत होतीस. नवव्या दिवसापासून यायचं बंद केलं मी. गुडघे दुखतात माझे."

मुलगी रडायला लागली. आजींनी तिला जवळ घेतलं नाही, त्या तशातल्या नाहीत. त्यांनी कमरेची पिशवी चाचपून चष्मा काढला, खाली पडलेलं कार्ड उचललं आणि डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. वाचता वाचता मला म्हणाल्या, "एकशे दहा घरी डबे जातात माझे. कोणाला साखर आहे, कोणाचं मीठ बंद केलंय, कोणाच्या घरी आता एकच डबा लागतो, सगळं त्या मशीनमध्ये आहे. त्या घाटकोपरच्या बाईला सोमवारी बोलाव."